शनिवारचा शेवटचा तास

यंदाची गुऱ्हाळं लागली हे मला कोणी सांगावं लागलं नाही. परवा सकाळी इंदापूरच्या बाजारातून शाळेकडे निघालो होतो. माघातली थंडी, कानाला उपरणं गुंडाळलेलं, काखेत मुलांच्या निबंधांचा गठ्ठा. तेवढ्यात वारा फिरला आणि चिपाडं जळल्याचा, रस आटल्याचा तो वास आला. त्यात थोडा धूर असतो, थोडी मळी असते आणि मधूनच उग्र गोडवा येतो. इतरांना म्हणे या वासानं भूक लागते. मला थकवा येतो. पाय जड होतात, आणि वर्गात जाऊन पुन्हा एकदा विभक्त्या घोकून घेण्यापेक्षा इथेच कुणाच्या तरी ओट्यावर बसून राहावं असं वाटतं.

तसं मला म्हातारा म्हणण्याइतकं वय झालेलं नाही. पस्तिशी ओलांडली आहे एवढंच. पण मास्तरकीत माणूस लवकर पिकतो. त्यातून मी तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झालेला. पुण्यात असताना याचा मला अभिमान होता. बारामतीला पहिल्या नोकरीवर आलो तेव्हा कळलं की तत्त्वज्ञान शिकलेला मास्तर म्हणजे ज्याला कुठलाही विषय द्यायला हरकत नाही असा मास्तर. संस्कृत दिलं, मराठी दिलं, ड्रिलमास्तर आजारी पडले तेव्हा ड्रिलही दिलं. आणि सगळ्यांनी नको म्हटलेला नीतीचा तासही माझ्याच गळ्यात आला.

तो तास शाळेच्या कमिटीतल्या आबांच्या आग्रहानं सुरू झाला होता. आबा मूळचे कोऱ्हाळे बुद्रुकचे. बारामतीच्या वेशीबाहेर कालव्याच्या कडेला त्यांनी खंडानं जमीन घेतली होती आणि त्या माळाचा त्यांनी बघता बघता उसाचा मळा केला होता. माणूस उंच, सावळा, बोलायला सावकाश. पोरं इंग्रजी शिकतात, कॉलर लावतात आणि घरी गेली की बापाला ओळखत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा चांगलं काय, वाईट काय, हेही कुणीतरी शिकवावं. हेडमास्तरांनी मान डोलावली आणि त्या तासाला शनिवारच्या सकाळच्या शाळेतली शेवटची जागा दिली. त्या वेळी मुलांचं निम्मं मन दप्तर भरत असतं आणि उरलेलं निम्मं घरच्या वाटेला लागलेलं असतं.

इथे इंदापुरात, मी आता शिकवतो त्या शाळेत, शनिवारच्या शेवटच्या तासाला गणिताचा जादा वर्ग असतो. बारामतीचा माझा तासही कधीच बंद झाला. मॅट्रिकला त्याचे मार्क नव्हते, मग तो टिकणार कसा? मी तक्रार केली नाही. तोवर माझ्यात तक्रार करण्याइतका जीव राहिला नव्हता.

पण तास सुरू झाला त्या वर्षी तो होता. त्या वर्षी मी नेमलेलं नीतिपाठांचं पुस्तक पहिल्याच महिन्यात कपाटात ठेवून दिलं. त्यात सगळ्या धड्यांत शेवटी चांगल्या मुलाला बक्षीस मिळे आणि वाईट मुलगा विहिरीत पडे. मुलं ते ऐकून जांभया देत. मी त्याऐवजी एक प्रश्न फळ्यावर लिहायचो आणि खाली बसायचो. वर्गाचा नियम एकच होता. पटल्याशिवाय ‘हो’ म्हणायचं नाही. मास्तरांनी सांगितलं म्हणून नाही, वर्ग म्हणतो म्हणून नाही. पहिले काही शनिवार वर्गात नुसती शांतता असायची आणि लांबून घाण्याच्या बैलांना हाकणाऱ्याचा आवाज यायचा.

ती शांतता मोडली बिरूनं. बिरू निरवांगीचा. धनगराचा मुलगा, बोर्डिंगात राहणारा, मिसरूड फुटलेला, वर्गातल्या इतरांपेक्षा थोराड. मेंढरांमागे जाण्यात त्याची मधली वर्षं गेली होती, म्हणून शाळेत मागे पडलेला. त्याच्या वस्तीवरून मॅट्रिकपर्यंत आलेला तो पहिला. एकदा फळ्यावर मी काहीतरी लिहिलं होतं, सापडलेल्या वस्तूबद्दल. बिरू उठून म्हणाला की त्यांच्या कळपात एकदा अंधारात दुसऱ्याचं कोकरू मिसळलं आणि दोन गावं पुढं गेल्यावर ध्यानात आलं. बाप ते खांद्यावर घालून मागं गेला. तोवर इकडे लांडग्यानं त्यांचंच एक मेंढरू नेलं. आता बापाचं बरोबर का चूक, असं त्यानं मलाच विचारलं. त्या दिवशी घंटा झाली तरी पोरं उठली नाहीत. बोर्डिंगात गेल्यावरही भांडत होती म्हणे. मी घरी जाताना रस्ताभर एकटाच हसत होतो. तसं हसणं पुढे फारसं झालं नाही.

गुऱ्हाळांच्या दिवसांत बारामतीची सकाळ वेगळीच असे. कालव्याच्या पाण्यावर वाफ, तिच्यातून दिसणारे उसाचे तुरे, उसाच्या शेंड्याकडच्या वाढ्यांनी भरलेल्या गाड्या, आणि रस्त्यावर जागोजाग चघळून टाकलेल्या चोयट्या पडलेल्या. मुलं चिकट हातांनी शाळेत येत. वह्यांची पानं एकमेकांना चिकटत. उसाच्या फडाशेजारून जाणारानं एखादं कांडं मोडून बांधावर बसून खावं, त्याला कुणी काही म्हणत नसे. हुरड्याचंही तसंच. बसून पोटभर खा, बांधून मात्र नेऊ नको. मालकाला विचारायचीही पद्धत नव्हती. विचारलं तर मालकाला वाटे, हा मला कंजूष समजतो की काय. मी पुण्याचा, मला हे सगळं नवल वाटायचं. विचारल्याशिवाय घेऊ नये एवढं एकच मला लहानपणी शिकवलेलं.

मॅट्रिकला बसवायच्या मुलांची निवड व्हायच्या सुमारास बिरू सुट्टीला जोडून भाकरी आणायला निरवांगीला गेला. पोचला तर घराला कडी. मेंढरं खतासाठी दुसऱ्यांच्या रानात बसवायला घेऊन घरची माणसं निघून गेलेली. शेजारणीनं अर्धी भाकर दिली, तेवढ्यावर तो पहाटे परत निघाला. संध्याकाळी बारामतीच्या वेशीशी आला तेव्हा रस्त्याच्या कडेला आबांचा मळा होता. त्यानं एक ऊस मोडला आणि बांधावर बसून सोलायला घेतला.

आबांनी त्या वर्षापासून राखणदार ठेवला होता. राखणदारानं बिरूला दंडाला धरून सरळ शाळेत आणलं. राखणदाराला हेडमास्तरांनी विचारलं, हा सापडला कसा. तो म्हणाला, पळाला न्हाय म्हणून सापडला. बाकीची पळत्यात. आम्ही मास्तर लोक यावर हसलो. बिरू हसला नाही. त्याला आपल्याला का धरलं हेच समजलेलं नव्हतं.

प्रकरण खरं म्हणजे एका शब्दाचं होतं. हेडमास्तर चांगला माणूस. त्यांना निकाल हवा होता, भांडण नको होतं. कमिटीवाल्यांच्या मळ्यात शाळेचा मुलगा सापडला याचा गावात बोभाटा झाला होता, तेव्हा बिरूनं आबांना ‘चुकलो’ म्हणावं, की संपलं. नाही म्हणाला तर वर्तणुकीच्या कारणावरून त्याला मॅट्रिकला बसवता येणार नव्हतं. आबांचंही मागणं तेवढंच होतं. आणि बिरूची तेवढ्यालाच तयारी नव्हती. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, तुमचाच विद्यार्थी आहे, समजूत घाला. इतके प्रश्न विचारायला शिकवलंत, आता एक उत्तर द्यायला शिकवा.

मी बोर्डिंगात गेलो. तो खाटेवर बसून भूमिती करत होता. मी बरंच बोललो. एक वर्ष म्हणजे काय, घरचे किती आशा लावून बसलेत, एक शब्द बोलल्यानं कुणी लहान होत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“मास्तर, मी चुकलो म्हटलं तर आमचा आज्जा, बाप, समदीच चोर झाली,” तो म्हणाला. “वाटंनं जाताना कुणाचा हुरडा खाल्ला न्हाय असा माणूस आमच्यात न्हाय. आन मला पटलंच न्हाय तर व्हय कसं म्हणू? तुमीच तर न्हाय म्हणून सांगितलंया.”

सॉक्रेटिसावर मी पुण्यात दहा पानांचं उत्तर लिहिलं होतं. त्यातलं एक वाक्यही कामाला आलं नाही. मला त्या क्षणी त्याचा राग आला, हेही सांगतो. आपलं शिकवणं कुणीतरी एवढं मनावर घ्यावं अशी माझी अपेक्षाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन आबांच्या गुऱ्हाळावर गेलो. वाटलं, समोरासमोर बसले की मिटेल. चुलवणाचा जाळ, काहिलीत उसळणारा पिवळा फेस, फळीनं तो फेस मागे सारणारा गुळव्या, गोल गोल फिरणारे बैल. सगळ्यांचे चेहरे धगीनं लाल झालेले. आबांनी दोघांपुढे रसाचे लोटे ठेवले आणि पळसाच्या पानावर गरम गुळाचा गोळा. गुऱ्हाळावर आलेला माणूस तोंड गोड केल्याशिवाय जात नाही, मग तो वैरी का असेना. मी रस प्यालो. बिरूनं लोट्याला हात लावला नाही.

आबांनी विचारलं, का रे. तो म्हणाला, चोराला कुणी रस देत न्हाय आबा. तो उद्धटपणे बोलला नाही, हळूच बोलला. पण बैल हाकणारा थांबला आणि गुळव्यानं फळी आडवी धरली. गुळव्या म्हाताऱ्या माणसांसारखं पुटपुटत होता की बिनखाल्लं माणूस गुऱ्हाळावरनं गेलं की गूळ बसत न्हाय, मऊ पडतो. आबांनी त्याला गप्प केलं. काहील उतरायच्या घाईत मग कुणाचंच आमच्याकडे लक्ष राहिलं नाही, आणि बिरू कालव्याच्या कडेनं एकटाच निघून गेला.

आबा मला सोडायला बांधापर्यंत आले. ते रागावलेले नव्हते, दमलेले होते. बांधावर उभं राहून त्यांनी रस्त्याकडे हात केला. बाजारचा दिवस होता. गाड्या, बैलं, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका, सायकलवाले, सगळा रस्ता माणसांनी भरून वाहत होता.

“मास्तर, माझ्या बापाच्या वक्ताला कोऱ्हाळ्याला आमच्या बांधावरनं दिसातनं चार माणसं जायची. खाऊ दे की म्हणायचा त्यो. आता कालवा आला, मोटार आली, बाजार वाढला. येक येक कांडं म्हटलं तर माझा कडंचा समदा फड जातोय. जमीन दुसऱ्याची, खंड मला भरायचा. मला बी पोराला चोर म्हणायचं न्हाय. पर मी चोरी न्हवं म्हटलं, तर उद्या ह्या समद्यांना काय सांगू?”

मला हेही पटलं. मला दोघांचंही पटलं, आणि तेव्हापासून ज्याला दोन्ही बाजू पटतात त्या माणसाचा काही उपयोग नसतो असं माझं मत झालं आहे. त्या रात्री झोप लागली नाही असं काही झालं नाही. उलट मी मेल्यासारखा झोपलो.

निवडीच्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. हेडमास्तर, आबा, कमिटीतले एक वकील, मी आणि दारापाशी उभा बिरू. खिडकीतून गुऱ्हाळाचा वास येत होता. हेडमास्तरांनी गोड आवाजात विचारलं की ऊस घेतलास का. तो म्हणाला, व्हय. चूक झाली असं वाटतं का? तो गप्प. हेडमास्तर म्हणाले, बाळ, एक शब्द बोल आणि अभ्यासाला लाग. वकिलांनी घड्याळ काढून पाहिलं.

तेव्हा आबा खाकरले. ते बिरूकडे बघत नव्हते, टेबलावरच्या दौतीकडे बघत होते.

“ऊस मीच दिला हुता त्येला,” ते म्हणाले. “राखणदाराला ठावं न्हवतं. माझ्या ध्यानात ऱ्हायलं न्हाय सांगायचं.”

नीतीचा तास सुरू करायला लावणारा माणूस, भर कमिटीपुढे, सरळ सरळ खोटं बोलला. आणि ते खोटं किती चांगलं होतं. त्यात मुलाचं वर्ष वाचत होतं, मळ्याची राखणही मोडत नव्हती, कुणाला चोर व्हावं लागत नव्हतं. हेडमास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला आबांचे पाय धरावेसे वाटले. मी बिरूकडे पाहिलं आणि मनातल्या मनात म्हणत राहिलो, गप्प राहा रे बाबा, आज एवढा एक दिवस गप्प राहा.

“न्हाय,” बिरू म्हणाला. “आबा त्या वक्ती मळ्यात न्हवतं. मी घेतला ती चोरी न्हवं, पर आबांनी दिला न्हवता.”

आबा सावकाश उठले, पागोटं सारखं केलं. दारापाशी बिरूच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, चांगलं शिकवलंत.” त्यात टोमणा नव्हता. नव्हताच, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो आहे. पण कौतुक होतं असंही मला कधी छातीवर हात ठेवून म्हणता आलं नाही.

मग हेडमास्तरांपुढे दुसरा मार्ग उरला नाही. आधी नुसता हट्टीपणा होता, आता कमिटीतल्या माणसाला त्यानं सगळ्यांदेखत खोटं ठरवलं होतं. पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. पुढच्या वर्षी बिरू आलाच नाही. मी पुढचे शनिवार वर्गावर गेलो, फळ्यावर प्रश्न लिहिले. मुलं उत्तरं द्यायची, हुशारीनं द्यायची. मी मात्र ती ऐकताना कुठल्या मुलाच्या डोळ्यांत ते खरंच उतरतंय का हे बघायचं टाळत होतो. तास बंद झाला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. ती सुटका अजून अंगात आहे, हाच बहुतेक माझा थकवा.

हे सगळं लिहायचं कारण नुसता वास नाही. काल, शनिवारी, शाळा सुटल्यावर फाटकाशी बिरू उभा होता. अंगावर घोंगडी, डोक्याला लाल मुंडासं, हातात काठी. मी त्याला आवाजावरून ओळखलं. मेंढरं गावाबाहेरच्या एका मळ्यात बसली होती आणि मास्तर हितंच असत्यात असं कुणीतरी सांगितलं म्हणून तो आला होता. येताना माझ्यासाठी ऊस आणला होता, सोलून, फडक्यात बांधून. आम्ही शाळेच्या पायरीवर बसून तो खाल्ला.

आबांचा विषय त्यानंच काढला. फड तुटला की दर साली आबांचं बोलावणं येतं, माझी मेंढरं त्यांच्याच रानात आधी बसत्यात, म्हणाला. मळ्यात पोचलं की तो पहिल्यांदा एक ऊस मोडतो आणि बांधावर बसून खातो. आबा समोर बसून बघत असतात. ते ‘खा’ म्हणत नाहीत आणि तोही विचारत नाही. राखणदार अजून आहेच, बाकीच्यांसाठी. एवढं बोलून तो हसला. मला त्याचे दात पूर्वीइतकेच पांढरे दिसले.

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. मॅट्रिकला बसायला हवं होतं असं कधी वाटतं का?

“वाटतं की,” तो म्हणाला. “लई वाटतं. मेंढरं बसली, घोंगडं अंगावर घेतलं की त्येच येतं डोक्यात. आता हापिसात असतो. पावसात भिजलो नसतो.” मग चोयटी दूर टाकून म्हणाला, “पर तुमचा तास आठवला की बरं वाटतं. तसा तास दुसरा न्हवता. अजून घेता न्हवं तुमी? शनवारी?”

आत शिपाई बाकं ओढत होता. फळ्यावर मघाच्या जादा वर्गातली व्याजाची गणितं तशीच होती, दारातून दिसत होती. बिरू पाठमोरा बसला होता, त्याला ती दिसत नव्हती.

“घेतो की,” मी म्हणालो.

“मग बरं हाय,” तो म्हणाला, आणि उरलेलं उसाचं कांडं त्यानं माझ्या हातात दिलं.